तापी, तीन खेपांत

यंत्र तीन फुटांचं, नदी आठ फुटांची.
यावलच्या भारंबे बाई, भूगोलाच्या,
रिटायर होताना शाळेला भिंतभर तापी देऊन जायचं म्हणत होत्या,
मुलताईच्या कुंडापासून सुरतेच्या खाडीपर्यंत,
सागात खोदलेली, पोरांच्या बोटाला लागेल अशी.
मी हो म्हणून बसले.
मग पैलाडच्या शेडमध्ये येऊन फळीला टेप लावला
आणि तांब्याभर पाणी प्यायले.

मोठं यंत्र धुळ्याला आहे.
तासाचे पैसे घेतात, वर चहा पाजून सल्ला देतात.

दारात आबा बिडी विझवत बसलेले.
लोटन मिस्तरी. चाळीस वर्षं गाडीची चाकं केली.
आता माझ्या यंत्राचा भुसा पोत्यात भरतात,
यंत्राशी मात्र बोलत नाहीत.
"काय व्हयनं?"
सांगितलं.
"एकच लाकूडनं चाक कोन करस, माय?
सहा पाटा ऱ्हातस. गाडी चालस."

फळीचे तीन भाग केले, फळी न कापता.
प्रत्येकी दोन फूट आठ इंच.
कडेच्या पट्टीत, जी शेवटी छाटूनच टाकायची,
आठ मिलीची भोकं, खालच्या बेडमध्येही तीच,
आणि त्यांत घट्ट खुंट्या.
एक भाग झाला की खुंट्या उपटायच्या,
फळी पुढे ओढायची,
मागची भोकं पुढच्या खुंट्यांवर बसवायची.
नदी किती लांब, यंत्राला काय माहीत.
त्याला आपलं शून्य ठाऊक,
आणि शून्यापासून मोजलेलं पाणी.

चांगदेवला पूर्णा येऊन मिळाली तेव्हा
बिट जरा किंचाळला, लाकडात गाठ होती.
पहिला जोड मी हतनूरच्या भिंतीवर टाकला.
धरण आडवंच असतं,
कोण म्हणेल ती रेघ माझी?

दुसरा भाग रात्री. मे महिना,
पत्रे अजून तापलेले, भुसा मानेला चिकटतोय.
वाघूर झाली, गिरणा झाली.
आमची बोरी, हिवाळ्यातच कोरडी पडणारी,
इथं दीड मिली खोल उतरत होती
आणि लाईट गेली.

बिट लाकडात तसाच.
अंधारात पंख्याची पाती थोडा वेळ फिरत राहिली.
यंत्र पुन्हा जागं होतं तेव्हा
आपण कुठं होतो ते विसरलेलं असतं.
आबांनी मोबाईलचा उजेड धरला, मी बिट सोडवला.
पावणेतीनला लाईट आली.
डाव्या खुंटीच्या मध्यावर सुई टेकवली,
तिथून त्याला शून्य पुन्हा सांगितलं,
आणि बोरी जिथं तुटली होती
तिथूनच वाहू लागली.
आबा "हं" म्हणाले. बस.

चुकले ती तिसऱ्यात.
सारंगखेड्याच्या खाली, मोकळ्या पाण्यात,
जिथं रेघ लपवायला काहीच नाही,
नदीला पायरी पडली. अर्ध्या मिलीची.
बाईंच्या मापाने दीडशे मीटर.
भोकात भुशाचा एक कण राहिलेला,
एक फुंकर मारायची राहिली.
मला दिसलंही नव्हतं.
आबांनी नख फिरवलं आणि नख अडलं.

पटाशी काढली त्यांनी, बाभळीच्या मुठीची,
धार मनगटाच्या केसांवर पाहिली,
आणि पंधरा किलोमीटर काठ
दोन्ही अंगांनी सैल सोडला,
पायरीचा उतार होईल इतकाच.
हाताचं पाणी यंत्राच्या पाण्यात
वेगळं चमकतं, वाकून पाहिलं तर.

बाई आल्या. चष्मा कपाळावर चढवून
मुलताईपासून बोट फिरवत निघाल्या.
हतनूर. भुसावळ. थांबल्या नाहीत.
सारंगखेड्याखाली बोट जरा हळू झालं,
मला तरी तसं वाटलं.
मग समुद्रापर्यंत गेलं,
आणि त्यांनी ते पदराला पुसलं.

मी तीन खेपांचे तास मांडत होते.
आबांनी पेन घेतला,
बिलबुकावर तिरक्या अक्षरात लिहिलं:
तापी नदी. साग. लांबी आठ फूट.
नग एक.