एकतिसाव्या पानावरचा पिवळा ठिपका

बसा. त्या खुर्चीतलं मांजर उठणार नाही,
स्टूल ओढा.
तर, ज्वालामुखी.
ब्रुसेल्सहून दोन गाड्या बदलून
एवढंच विचारायला आलात,
की मस्यू ब्रासर कुठल्या समुद्रापार जाऊन आले होते?

कुठेच नाही. बोट लागायची त्यांना,
सांब्र नदीवरच्या कोळशाच्या पडावातसुद्धा.

या खिडकीतून बघा.
तो काळा डोंगर म्हणजे खाणीनं ओकलेले दगड,
शंभर वर्षांचा केर.
आतून धुमसतो अजून.
गावभर बर्फ साचतं, त्याच्या माथ्यावर टिकत नाही.
त्यांनी पायथ्याशी चार माड काढले,
मी वरून नारिंगी ओतला.
झालं बेट.

माड काचघरातले, तिकीट काढून बघायचे.
खलनायकाची हनुवटी आमच्या घरमालकाची,
(दर अंक विकत घ्यायचा बिचारा, मिटक्या मारत वाचायचा).
गलबत ओस्टेंडच्या चर्चमधलं,
कुणा वाचलेल्या खलाशानं नवस फेडून छताला टांगलेलं.
मस्यू बाकावर उताणे पडून त्याचा तळ रेखाटत राहिले,
पाद्रीबाबा तीनदा खाकरेपर्यंत.

आणि एक पुस्तक होतं.
मुखपृष्ठ नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही,
शेवटची चाळीस पानं कुणीतरी पाइप पेटवायला फाडलेली.
लहानपणी तापात वाचलं त्यांनी.
बुडत्या जहाजाच्या डोलकाठीवर एक पोरगा लटकत राहिला
तो जन्मभर.
दर गुरुवारी त्याला खाली उतरवायचे
आणि शेवटच्या चौकटीत पुन्हा वर चढवायचे.
क्रमशः.

पोपट मात्र पोपट नव्हता.
माझ्या भावाचं, फिर्मँचं, शर्यतीचं कबुतर.
मी त्याला हिरवं केलं, दोन हात देऊन,
नाहीतर खालचा करडा डोकावायचा.
कप्तान तांक्रेलची चालही फिर्मँचीच,
एक खांदा पुढे, मान किंचित आत.
तुम्ही लोकांनी लिहिलंय ना, 'वीराची आक्रमक देहबोली'?
हसले मी.
बुटक्या बोगद्यात छताला डोकं आपटू नये
म्हणून लागलेली सवय ती.

त्रेपन्नच्या मे महिन्यात सहा नंबरला आग लागली.
अकरा वर आले.
सात नाही.
त्या रविवारी कबुतर ओर्लेआंहून परतलं,
दोन वाजून चौदा मिनिटांनी.
त्याच्या पायातली रबरी कडी काढून
मीच घड्याळात टाकली.
दुसरा नंबर. बक्षीस म्हणून एक कोंबडा.

सोमवारी मस्यूंनी पोऱ्याला पाठवलं नाही,
पानं घेऊन स्वतः आले. टोपी हातात.
गोष्ट आधीच ठरलेली होती:
तांक्रेल ज्वालामुखीच्या पोटात, दिवा विझलेला.
म्हणाले, बदलतो.
म्हटलं, कशाला? गुरुवार काही थांबत नाही.

मग ते एकतिसावं पान.
सगळं काळं.
काळ्यात मी थेंबभर निळा घालते,
त्यानं काळा खोल जातो.
आणि खाली डावीकडे, जिथे रेघसुद्धा नव्हती,
सगळ्यात बारीक कुंचल्यानं
एक पिवळा ठिपका.

छापखान्यातून फोन आला.
मस्यू म्हणाले, राहू दे.
पोरांची पत्रं आली पोतंभर:
आत कोण आहे?
तांक्रेल त्याला न घेताच का निघाला?
एकानं तर आपल्या खाऊचा फ्रँक चिकटवून पाठवला,
दोरखंडासाठी.
तो माझ्याकडे आहे. दाखवणार नाही.

हो, तुमची सूची वाचलीय मी, भिंग लावून.
'पान एकतीस, डावीकडे खाली: मुद्रणदोष.'
तसंच असू द्या.

कॉफी घेणार?
दूध संपलंय.