देशाचं नाव घेऊ नये

देशाचं नाव घेतलं की पुस्तक परत कपाटात जातं.
हे मला तीन वर्षांनी कळलं.
'फिनलंड' म्हटलं तेव्हा झिबलभाऊ म्हणाले,
"थे कोनाचं शेत हाय गा?"
आणि बिडी पेटवून तलावाच्या पाळीवर निघून गेले.

तेव्हापासून मी एवढंच म्हणतो:
घ्या, एका माणसाचं आहे,
त्याच्याकडे एकच डोंगा, आणि सख्ख्या भावाशी अबोला.

आमचं वाचनालय ड वर्गातलं.
ग्रामपंचायतीच्या मागची खोली, आधी तिथे धानाचं बियाणं असायचं,
अजून पावसाळ्यात पुस्तकांना कोंड्याचा वास येतो.
अनुवादांचं एक पोतं मी नागपूरहून रद्दीच्या भावात आणलं,
साकोलीपर्यंत एसटीनं, पुढे ट्रॅक्टरवर.
कंडक्टरनं पोत्याचं अर्धं तिकीट फाडलं,
लहान मूल धरून.

झिबलभाऊंनी ते डोंग्याचं पुस्तक तीन महिने ठेवलं.
दंडाऐवजी टेबलावर ओंजळभर शिंगाडे ओतले.
म्हणाले, "मानूस बरा हाय. पर गाठ चुकली त्याची, जारं शिवताना.
अशा गाठीनं मासोरी थांबतच नाही.
लिहिनाऱ्याले सांगजा."
लिहिणारा मरून चाळीस वर्षं झाली, हे मी बोललो नाही.
पेन्सिल दिली.
पान एकशे बारा, समासात, त्यांनी खरी गाठ काढून ठेवली,
खाली सही, सहीखाली ढिवर मोहल्ला.
आता ते पुस्तक समासासाठीच जातं.

रायवंताबाईंचं वेगळं.
अंगणवाडीतली खिचडी उतरवली की पायरीवर बसून वाचतात,
ओळीखाली बोट, ओठ हलताहेत.
त्यांना समुद्रापलीकडलं एक दिलं होतं,
त्यात एक बाई नवऱ्याच्या घरातून पहाटे निघते,
काखेत कोंबडी, दुसरं काही नाही.
शेवटची अकरा पानं उरली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटून आणलं.
"जाऊ द्या तिले. मी पाह्यत राहीन त कोनाले तरी दिसन."

मला शेवट ठाऊक आहे.
ती परत येते. कोंबडीसकट.
आठ वर्षं झाली, मी सांगितलेलं नाही.
कोणी ते पुस्तक मागितलं तर आधी विचारतो, राहता कुठं?
अंगणवाडीच्या गल्लीत असाल
तर दुसरं घ्या.

चुकाही झाल्या.
डोमाजी हटवारांना मी हसवणारं काढून दिलं,
घरात तेरवी होऊन चार दिवस झालेले, मला माहीत नव्हतं.
दुसऱ्या सकाळी पुस्तक खिडकीत होतं,
वर एक दगड, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून.
तो दगड टाकवला नाही.
टेबलावर आहे, पावत्यांवर.

परवा दहावीतली आचल विचारत होती,
"सर, तिकडं पन असन ना कोनी, असाच खोलीत बसलेला?
आपल्या गावचं पुस्तक कोनाले देत असन
त काय म्हनत असन?"
आपल्या गावावर पुस्तकच नाही, मी म्हणालो.
"असन त," ती म्हणाली,
आणि परीक्षेचं गाइड घेऊन सायकलवर बसली.

कुलूप लावताना तो माणूस डोळ्यांपुढे आला.
त्याच्या दाराबाहेर बर्फ, किंवा वाळू,
किंवा आमच्यासारखाच बांधीतला चिखल.
भंडारा त्याला म्हणता यायचं नाही,
झाडीपट्टी तर नाहीच.
बरंच आहे.
पुस्तक पुढे सरकवत तो एवढंच म्हणेल:
घ्या, एका बाईचं आहे,
तिनं अकरा पानं वाचली नाहीत.