हात लावू नये

वसमतच्या हळद मार्केटामागं
मोईन मिस्त्रीचं मोटार रिवायंडिंगचं दुकान,
त्याच्या डोक्यावर माझी खोली.
मार्चपासून पॉलिशचे ड्रम थांबत नाहीत,
मोटारी जळतात, खाली रांग लागते.
माझ्या कीबोर्डचा स्पेसबार पिवळा आहे.
आधी पुसायचे. आता नाही पुसत.

दिवसा पतसंस्थेचं सॉफ्टवेअर.
रात्री दहानंतर एक डीबगर सांभाळते,
फुकट; म्हणजे मला कुणी पैसे देत नाही,
आणि कुणीही तो घेऊन जाऊ शकतं, असंही.
चालता प्रोग्राम उचलल्या पावलावर थांबवायचा,
खिशात काय-काय आहे बघायचं,
तुला इथं कुणी पाठवलं, त्याला कुणी, त्याला कुणी,
विचारत विचारत मागं जायचं,
मग सोडून द्यायचं.
त्याला कळतही नाही की तो थांबला होता.

सव्वीस वर्षांचा कोड. माझ्याहून तीननं धाकटा.
नवं असं फार काही होत नाही त्यात.
कंपायलर बदलतो म्हणून चार फायली बदलायच्या.
एखादा कंस. एखादं स्पेलिंग.
कुणीतरी मोकळी करायची विसरलेली मेमरी.
या आठवड्यात अकरा पॅच गेले,
कुणाच्या लक्षात आले नाहीत,
म्हणजे नीट गेले.

"बिघडलंय काय गं?" मिस्त्री जिन्यातून विचारतात.
नाही, चालू आहे.
"मग चालू मशीन कशाला खोलायलीस?"

चारशे बाराव्या ओळीवर टीप होती,
मराठीत सांगायचं तर, हात लावू नये. टी. व्ही.
आणि तिच्याखाली पत्त्यातून एक वजा केलेला.
का, ते नाही.
टी. व्ही. कोण, तेही कुणाला ठाऊक नाही.
त्यांचा शेवटचा बदल अकरा वर्षांपूर्वी,
एका मंगळवारी पहाटे: एक स्वल्पविराम.

मला ती चूकच वाटली.
असली एकाची चूक मी शंभरदा काढलीय.
ओळ खोडली, टेस्ट लावल्या,
खाली जाऊन मिस्त्रींकडचा चहा घेतला.
ते जळालेली तार उपसत होते, वेढे मोजत,
मोजताना बोलत नाहीत, म्हणून मीही नाही बोलले.

दोन हजार एकशे चाळीस पास.
एक नापास.

त्या एकीत एक फंक्शन होतं,
त्याचं शेवटचं काम दुसऱ्याला हाक मारणं,
आणि ज्याला हाक मारली
ते कधीच परत येत नाही.
प्रोग्राम लक्षात ठेवतो ते परतायचं ठिकाण,
निघाला कुठून, ते नाही.
परतायचं ठिकाण हाकेच्या पुढचं,
आणि पुढं तर फंक्शनच संपलेलं.
माझा डीबगर खुशाल
शेजारच्या फंक्शनवर आळ घेत होता,
ज्यानं काही केलं नव्हतं,
जे त्या दिवशी चाललंही नव्हतं.

म्हणून एक वजा.
एक पाऊल मागं सरकलं
की हाक जिथून मारली तिथं उभं राहता येतं.

पहाटे दीडला ओळ परत ठेवली.
टीप मात्र काढली,
तिच्या जागी कारण लिहिलं, पाच ओळी,
साध्या शब्दांत, पुढच्या अडाण्यासाठी,
मी आज होते तसल्या.
खाली टी. व्ही. तसंच राहू दिलं.
त्यांनी कारण का लिहिलं नसेल?
घाई असेल. किंवा इतकं उघड वाटलं असेल
की सांगायची लाज वाटली.

पाठवणार, एवढ्यात लाईट गेली.
खाली मिस्त्री कुणावर तरी ओरडले, बहुतेक डीपीवरच,
आणि अंधारात त्यांचं मोजणं
पुन्हा एकपासून सुरू झालं.

बॅटरी अकरा टक्के. पुरली.

सहाशे तिसाव्या ओळीवर आणखी एक टीप आहे,
तिच्यात नुसतं उद्गारचिन्ह.
ती उद्या.