अन्य सूचना

समिती सोमवारी येणार म्हणून
बुधवारपासून माझ्या टेबलावर
सहाशे बारा फॉर्म.
भिंती रंगवून झाल्या, कुंड्या भाड्याने आल्या,
तळमजल्यावरच्या बंद कूलरला नवा नळसुद्धा बसला.
उरलंय ते मत.
ते मी एक्सेलमध्ये भरायचं :
समाधानी, अतिशय समाधानी, आणि इतर.

घणसोलीत चौथ्या मजल्यावर
दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो,
म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी ठेवलंय,
पंचिंग मशीन, माझा डबा,
कुडतरकर साहेबांची कॅरमची ट्रॉफी.

मुलं बिनधास्त लिहितात.
सांबारात पाणी, पाण्यात सांबार.
लिफ्ट फक्त स्टाफला, तर मग
सहाव्या मजल्यावर वर्कशॉप काढलं कुणी?
ब्लेझरचे अडतीसशे घेतले,
तो घातला एकदाच,
फोटोसाठी, मे महिन्यात.
एकाने लिहिलंय : लायब्ररीत एसी आहे,
झोप छान लागते, पाचपैकी पाच.

पालक जपून बोलतात,
जणू उत्तर चुकलं तर
पोराचे मार्क कापले जातील.
शिस्त चांगली आहे.
फी थोडी जास्त, पण शिस्त चांगली आहे.
ऐरोलीच्या एका आईने लिहिलंय,
मुलगा आता हाक न मारता उठतो, आभारी आहे.
आणि खाली, खोडून,
वाचता येईल इतकंच खोडून :
नोकरी लागेल ना?

अकरा वर्षं झाली मला इथे.
अक्षरं ओळखू येतात.
निम्मे पालक पोरांनीच लिहिलेले असतात,
वर्गाबाहेर भिंतीला कागद टेकवून,
एकाच निळ्या जेलपेनने
आठ जणांचे आठ बाप.
मी बोलत नाही काही.
सही तेवढी बघते.
मुलं बापाची सही
स्वतःच्या सहीपेक्षा मन लावून करतात.

आज शेडग्यांचा फॉर्म हाती आला.
पालकाचे नाव आनंदा बाजीराव शेडगे,
व्यवसाय माथाडी, दाणाबाजार, वाशी.
विद्यार्थिनी प्रणिता, तिसरं वर्ष, कॉम्प्युटर.
अक्षर प्रणिताचंच.
हजेरी कमी पडली म्हणून अर्ज लिहायला
याच टेबलाशी तीनदा उभी होती,
‘विनंती’तली वेलांटी तीनदा चुकवत.

सगळ्या प्रश्नांना ‘उत्तम’.
फक्त शेवटी, अन्य सूचनांच्या दोन ओळींत
चार ओळी दाटून बसवलेल्या, बापाच्या नावाने :
‘मुलगी घरी आल्यावर बोलत नाही.
जेवते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते.
आम्हाला वाटते अभ्यास अवघड असेल.
कॉलेज चांगले आहे.’

हे कुठल्या रकान्यात भरू?

कुडतरकर साहेब म्हणाले, इतरमध्ये टाका,
नाहीतर टाकूच नका.
सहाशे अकरा काय नि सहाशे बारा काय.
मग चहा आला.
चहावर साय धरेपर्यंत मी
पालकांच्या मोबाइलचे दहा आकडे वाचत बसले.
मग लावला.

शेडगे बोलतायत का?
पलीकडे एक बाक सरकला,
कुणीतरी कुणालातरी गप्प केलं.
‘हो, बोलतेय. म्हणजे…
बाबा मार्केटला आहेत.’

नंबरही तिचाच.

म्हटलं, ऑफिसातून बोलतेय,
तुमच्या फॉर्मवर एक सही राहिली आहे.
सही होती.
‘शेडगे’मधला ग लांब ओढून खाली रेघ मारलेली,
तिने बापाच्या पगाराच्या कागदांवर
लहानपणापासून पाहिली असेल तशी.

‘कुणाची सही?’ तिने विचारलं.
मला पुढचं खोटं सुचेना.

ये तर खरी, म्हटलं,
पाचनंतर मी एकटीच असते.
आणि जिन्याने नको येऊस चार मजले.
लिफ्टवाल्याला माझं नाव सांग.