अठ्ठावीस चेंडू

क्लबचा खजिनदार मी झालो
कारण सभेत पेन फक्त माझ्या खिशात होतं.
मेनमधला मार्च, फायर स्टेशनची मागची खोली,
नऊ माणसं, कॉफीचं एक भांडं,
आणि कोरीन थिबोडो, सात नंबरची स्कूलबस चालवणारी.
तिनं टेबलावर काठी ठेवली. टोकाला जाळी,
मासे धरायला लहान, फुलपाखरांना जड.
"लॅक्रॉस," ती म्हणाली. "या जमिनीच्या जुन्या लोकांचा खेळ.
आपण उसना घेतोय, तेव्हा नीट वापरायचा."
मी वहीत विचारात पडलो: उसनं, कोणत्या रकान्यात?
"माझ्या बसमधली पोरं साडेतीनला उतरतात,
सहापर्यंत त्यांना काही नसतं."
कुणी बोललं नाही.
कागदाची गिरणी बंद पडून दुसरं वर्ष होतं,
साडेतीन ते सहा आमच्यातल्या पाच जणांनाही काही नव्हतं.

बारसं लांबलं.
गरुड नको, शेजारच्या तीन गावांत गरुड आहेत.
अस्वल नको, लुसिएनच्या मधाच्या पेट्या
अस्वलानंच फोडल्या होत्या, राग ताजा होता.
शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणालं, रात्रपाळी.
आम्ही सगळेच तिथून आलेलो.
पोरांना अर्थ कळला नाही. नाव आवडलं.

मैदान म्हणजे गिरणीचा ओंडके रचायचा माळ,
गुडघा फुटला की जखमेत सालपटं.
लुसिएननं पाइप जोडून गोल उभे केले,
जाळं त्याच्या चुलत्याचं, मासळीचा वास गेला नाही कधी.
हेल्मेट हॉकीची. रिकाम्या बाटल्या विकून चारशे बारा डॉलर.
चेंडू: चाळीस. पोरं: अकरा.

त्यातली एक होदान, जुन्या फ्रेंच आळीत
वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या वारसामेंची,
रुमालावर हेल्मेट बसेना म्हणून
आतलं फोम तिनं स्वतःच कात्रीनं कापलं.
(नुकसान, सहा डॉलर. लिहिलं, मग खोडलं.)

"दाबू नका," कोरीन ओरडायची, "जोजवा!"
चेंडू जाळीत राहतो तो मनगटाच्या हिंदोळ्यानं.
घरी बहिणीच्या बाळाला हात न लावणारा
सहा फुटी रेनाल्ड गॅन्यॉन
कुंपणाच्या कडेनं एकटाच धावायचा,
खाली मान घालून, जोजवत.

पहिली मॅच हॅल्सी कोव्हशी. एकोणीस-शून्य.
परतताना बस मुकी. मला टायर ऐकू येत होते.
मग मागून होदान खिदळली:
"प्रत्येक गोलनंतर मधोमध उभी मी!
एवढ्या वेळा सुरुवात करायला मिळते का कुणाला?"
कोरीननं आरशात पाहिलं
आणि गाडी आइस्क्रीमच्या दुकानाकडे वळवली.
तो खर्च मी कोणत्याच रकान्यात घातला नाही.

पुढे पोरं गिरणीच्या भिंतीवर चेंडू मारू लागली.
टप्. टप्. संध्याकाळभर.
पहारेकऱ्यानं तक्रार केली, चौथ्या दिवशी मागे घेतली.
म्हणाला, भिंतीतून आवाज आला की
झोप नीट लागते.

नोव्हेंबरात हिशोब केला:
चेंडू शिल्लक बारा, हरवले अठ्ठावीस.
बर्फानं माळ मिटवून टाकला.

एप्रिलात बर्फ उतरलं तसे ते वर येऊ लागले,
एकेक, ओल्या गवतात, कुंपणाखाली,
मिठाच्या ढिगाऱ्यामागे, बदकांच्या घाणीत.
नवीन नाव नोंदवायला आलेली सव्वीस पोरं
बादल्या घेऊन माळभर पांगली.
मी मोजले. पुन्हा मोजले.
एकोणतीस.

जास्तीच्या एकावर हॅल्सी कोव्हचा शिक्का.
म्हणजे त्या एकोणीस-शून्यातून
कुणीतरी काहीतरी घेऊन आलं होतं, न सांगता.
मी पेन काढलं. जमा लिहू, की उसने?
तेवढ्यात होदाननं तो माझ्या हातातून उचलला
आणि भिंतीकडे धावली.

वही अजून जुळलेली नाही.