गोटीबा

औशाच्या किल्ल्याबाहेर, खंदकाच्या कडेला, बाभळीखाली
एक चुन्याचं थडगं आहे, अर्धं खचलेलं.
त्यावर कायम काचेच्या गोट्या.
पोरं म्हणतात, गोटीबाला एक वाहिली की नेम लागतो.

नाव गोटलीब. आडनाव आमच्याकडं कुणालाच उच्चारता आलं नाही.
चौदाव्या वर्षी प्रशियाच्या पलटणीत निशाण धरायला लागला.
तिथल्या राजाला उंच माणसांचं वेड,
हा दोन बोटं कमी.
राजा मेला, दुसरा आला, लढाया झाल्या,
गुडघ्यात गोळी घुसली ती तिथंच राहिली.
बढतीच्या यादीत मात्र कुणीतरी
दरवेळी ती दोन बोटं आठवून द्यायचं.
शेवटी एका घोड्याच्या कर्जावरून भांडण,
आणि हातात कागद: सेवेतून मोकळा.
शिक्का मोठा होता. पैसे नव्हते.

मग जहाज, मग मछलीपट्टण,
मग निजामाचा तोफखाना.
इथं त्याला कुणी मापलं नाही.

आमच्या घरातला सटवाजी, नऊ पिढ्यांमागचा,
त्याच्या तोफेचे बैल हाकायचा.
साहेबाला मराठी येईना,
याला ती घशातली भाषा.
बैलांना आठ दिवसांत कळली.
लिंक्स म्हणजे डावीकडं, रेख्ट्स उजवीकडं,
मार्श म्हणजे चला,
हाल्ट म्हणजे थांबायचं, मग आभाळ कोसळो.
शिपाई महिनाभर चुकत राहिले.

दर उन्हाळ्यात साहेब एक अर्ज लिहायचा, आपल्या राजाला.
परत घ्या, एवढंच असावं त्यात.
सटवाजी तो वाण्याकडं पोचवायचा, पुढं बंदराला जायला.
एकदा घरी हिंगाची पुडी सोडली
तर आत तेच तिरपं, रेखीव अक्षर.
त्यानं पुडी पुन्हा बांधली.
पुढच्या उन्हाळ्यात अर्ज घ्यायला हात पुढं केला,
नेहमीसारखा.

उदगीरला हार झाली.
ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं, माणसं पळाली,
साहेबानं घड्याळ काढून वेळ लिहून घेतली.
कुणाला दाखवायला, हे सटवाजीनं विचारलं नाही.
त्याच साली तापानं गेला. तेरा महिन्यांचा तनखा बाकी.
खड्डा सटवाजीनंच खणला,
मापापेक्षा दोन बोटं लांब.

आमचा शेवटचा देवणी बैल
वडलांनी हाळीच्या बाजारात विकला.
पैसे मोजून झाले, कासरा व्यापाऱ्याच्या हातात गेला,
बैल चार पावलं चालला,
आणि वडलांच्या तोंडून निघून गेलं, हाल्ट.
तो भर बाजारात उभा राहिला.
शेपूट पिरगळली, काठी घातली, हलेना.
व्यापारी वडलांकडं बघू लागला,
मीही.
पुढचा शब्द त्यांना येत होता.
ते चपलेतली माती झटकत बसले.