क्रियापदाची जागा

मोंढ्याच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर
निकहत मॅडमचा क्लास. सहा ते सात.
तुरीच्या भुशीचा वास
जिन्यानं आमच्याबरोबरच वर येतो
आणि फी न भरता बसतो.

लग्नपत्रिका कापून त्यांनी शब्द केलेत.
मागच्या बाजूला गणपतीची अर्धी सोंड,
एकीवर 'आहेर आणू नये',
एकीवर उर्दूतला कुणाचातरी वलीमा,
पुढं स्केचपेननं : ईट्स. राइस. कालिंदा.

कालिंदा म्हणजे मी.
स्वतःलाच हातात धरून उभी राहिले.
राइस धरला मन्मथ बिरादारनं,
दिवसाला दीडशे पोती उचलणारा गडी,
चिठ्ठी धरताना बोटं ओली.
ईट्स घेऊन सुवर्णमाला, सरकारी दवाखान्यातली,
सवयीनं रांगेच्या टोकाला जाऊन थांबली.

वाचा, मॅडम म्हणाल्या.
कालिंदा राइस ईट्स.
'हे मराठीच आहे. कपडे तेवढे इंग्रजीचे.'

मग जागा बदलल्या.
मन्मथ चुकून माझ्या पुढं गेला
आणि भातानं मला खाल्लं.
क्लास हसला. मन्मथ सॉरी म्हणाला,
जसं खरंच खाल्लं होतं.

मी म्हणलं, मॅडम, आमच्यात
साप कालिंदाला चावला म्हणा,
कालिंदाला चावला साप म्हणा,
चावला कुणाला ते गल्लीला कळतंच.
तो 'ला' असतो ना अंगाला चिकटलेला.
मॅडम म्हणाल्या, इथं कुणाच्या अंगाला
काही चिकटलेलं नसतं.
टँकरच्या रांगेतल्या घागरी बघ,
नाव असतंय का त्यांच्यावर?
जिथं ठेवली, तिथली ती.

हे मला लगेच कळलं.
घागरीचं असलं की कळतं.

सुवर्णमालाला दंडाला धरून मधे आणलं.
ती मधे उभी राहिना. मागं मागं सरकायली.
'माझ्या अम्मीची दखनी पण अशीच,' मॅडम म्हणाल्या,
'काम करणारा शब्द दाराशी, चपलांजवळ.'

गुरुवारी नॉट आलं. लाल स्केचपेननं.
डू आणि नॉट, जोडीनंच उभे करायचे,
मी च्या बरोब्बर मागं.
वाक्य अजून उंबऱ्यावर
आणि नकार आत जाऊन बसलेला.
मॅडम, इतक्या लवकर?
'इतक्या लवकर,' त्या म्हणाल्या,
आणि खडू संपला म्हणून खाली गेल्या.

आपल्यात 'नाही' शेवटी येतं.
तोवर समोरच्याचं तोंड बघता येतं.
बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी म्हणाले होते,
'अण्णा, मला ही सोयरीक पसंत'
आणि अण्णांची बशी ओठाजवळ थांबलेली दिसली,
चहावर साय धरलेली,
म्हणून 'आहे' म्हणाले.
दोन अक्षरांच्या जागी दोन अक्षरं.
वाक्याला पत्ताही लागला नाही.
माणूस वाईट नाही. तो भाग वेगळा.
पण एकोणीस वर्षं झाली,
अजून कुणाशीही बोलताना
शेवटच्या शब्दाआधी मी थोडी थांबते.

डाळमिलच्या काट्यावर पावत्या फाडते मी.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो,
कधी वर, कधी खाली, मग ठरतो.
तेवढ्या वेळात पावतीच्या पाठीवर लिहायले :
आय डू नॉट

'काय लिहायलीस कालिंदाबाई?'
खिडकीतून ड्रायव्हर.
वाक्य.
'मग पुरं कर की.'

बघू म्हणलं.
अवघड होतं ते आधी लिहून झालंय.